पुढे न्या : नांदगावातून दिसणारा सरकारी-खासगी वाद

नांदगाव स्टेशनाबाहेरच्या टपरीवर आजारपणाचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. ‘सरकारी दवाखान्यात काही खरं नाही’ हे एक आणि ‘खासगीवाले कापतात’ हे दुसरे. पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या तोंडची असतात आणि त्याला त्यात काही विसंगती वाटत नाही, कारण तो दोन्हीकडे जाऊन आलेला असतो. सकाळी सरकारी दवाखान्यात केस पेपर काढलेला, दुपारी खासगीत सलाईन लावलेले आणि रात्री मालेगावच्या किंवा नाशिकच्या रस्त्याला लागलेला. त्याच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन्हीकडचे कागद असतात.

आरोग्यसेवा सरकारी असावी की खासगी, यावर आपल्याकडे परिसंवाद होतात, अग्रलेख लिहिले जातात, निवडणुकीत आश्वासने दिली जातात. त्या चर्चेत या पिशवीला जागा नसते. चर्चा मालकीची असते. इमारत कोणाची, पगार कोण देतो, नफा कोणाच्या खिशात जातो, याची. पिशवीवाल्याचा प्रश्न वेगळा असतो. एका दाराशी ‘इथे होणार नाही, पुढे न्या’ असे सांगितल्यापासून दुसऱ्या दारात कोणीतरी हात लावीपर्यंत या रोग्याला जबाबदार कोण? हा जुना वाद मला या प्रश्नाच्या अंगाने तपासायचा आहे, आणि तपासताना नांदगाव तालुका डोळ्यांसमोर ठेवायचा आहे.

नांदगावच का, हे आधी सांगतो. ‘नाशिक’ म्हटले की द्राक्षबागा, कारखाने आणि गोदाघाट डोळ्यांसमोर येतात. नांदगाव त्या चित्रात बसत नाही. पूर्वेला चाळीसगाव, उत्तरेला मालेगाव, दक्षिणेला वैजापूर-कन्नडची बाजू, अशा तीन दिशांना ओढला जाणारा हा कोरडवाहू मुलूख. पांझणजवळचे गिरणा धरण तालुक्याच्या हद्दीत, पण त्याच्या पाण्याचा मोठा लाभ खाली जळगाव जिल्ह्याला. दवाखान्यांचेही थोडे असेच आहे. नांदगावात ग्रामीण रुग्णालय, मनमाडला उपजिल्हा रुग्णालय, खेड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रे, त्याच्या वरचे सामान्य रुग्णालय मालेगावला आणि जिल्हा रुग्णालय नाशिकला, नांदगावपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. २०२१ ते २०२४ या काळात केंद्रात आरोग्य राज्यमंत्री असलेल्या डॉ. भारती पवार ज्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघातून निवडून आल्या होत्या, त्यातच नांदगाव येते. हा टोमणा नव्हे. मंत्रिपद मतदारसंघात आले तरी मालेगाव-नाशिकचा रस्ता आखूड होत नाही, कारण तो रस्ता ऐंशी वर्षांच्या निर्णयांनी आखलेला आहे.

त्यांतला पहिला निर्णय भोर समितीच्या अहवालाचे पुढे काय झाले, हा. १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. आज तो वाचताना दोन गोष्टी ठळकपणे जाणवतात. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी उपचारांपासून वंचित राहू नये हे तिने गृहीतच धरले होते. आणि सरकारी डॉक्टर पूर्णवेळ पगारी असावेत, त्यांना खासगी प्रॅक्टिस करू देऊ नये, असे तिने बजावले होते. दीर्घ पल्ल्याच्या योजनेत दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे प्राथमिक केंद्र तिने कल्पिले होते. प्रत्यक्षात स्थिरावलेला निकष म्हणजे सपाटीवर तीस हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात वीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तेही मोजक्या खाटांचे. त्याच्या वरच्या पायरीवर साधारण सव्वा लाख लोकांमागे तीस खाटांचे रुग्णालय, जिथे शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असे चार विशेषज्ञ असायला हवेत. महाराष्ट्रात या पायरीला आपण ग्रामीण रुग्णालय म्हणतो.

ही पायरी नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळा वाद इथे येऊन अडतो. ताप, खोकला, लसीकरण, गरोदर बाईची तपासणी ही कामे उपकेंद्र, आशाताई आणि प्राथमिक केंद्र बऱ्यापैकी पार पाडतात. हृदयाची बायपास किंवा मेंदूची शस्त्रक्रिया तालुक्याला व्हावी अशी कोणाची अपेक्षा नाही. मधली कामे मात्र तालुक्यालाच झाली पाहिजेत. अडलेले बाळंतपण, फुटू पाहणारे अपेंडिक्स, साप चावलेला शेतकरी, अपघातात मोडलेला पाय. ही माणसे शंभर किलोमीटर थांबू शकत नाहीत. आणि देशभर विशेषज्ञांची पदे सर्वांत जास्त रिकामी असतात ती याच पायरीवर. शल्यचिकित्सक असला आणि भूल देणारा नसला तर शल्यचिकित्सकाचा उपयोग शून्य. दोघे असले आणि रक्तसाठा नसला तर सिझर करायला कोणी धजत नाही. चारपैकी तीन चाके असलेली गाडी पाऊण अंतर जात नाही. ती उभीच राहते.

आमच्या नात्यातल्या एका बाळंतपणाची गोष्ट इथे सांगतो. गाव नांदगाव नव्हे, जिल्हाही हा नव्हे. नावे मुद्दाम लिहीत नाही. रात्री अकराला कळा सुरू झाल्या म्हणून पोरीला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. सिस्टरांनी तपासले आणि सासूला बाजूला घेऊन सांगितले, “मावशी, बाळानं आत घाण केलीय. सिझर लागंल. भुलीचे डॉक्टर नाहीत, थांबू नका, पुढं न्या.” १०८ ची गाडी वेळेवर आली. मोठ्या सरकारी रुग्णालयात पोचल्यावर कळले की तिथले शस्त्रक्रियागृह आधीच्या रोग्यात गुंतलेले आहे, किती वेळ लागेल सांगता येत नाही. मग भाड्याची गाडी, मग खासगी प्रसूतिगृह, मग अनामत रक्कम. सासूने गळ्यातली पोत काढून दिली. मूल वाचले. कर्ज दोन वर्षे पुरले.

या गोष्टीत मी पुष्कळ दिवस खलनायक शोधत होतो. सिस्टर खरे बोलल्या आणि वेळेत बोलल्या. गाडीवाला वाऱ्यासारखा आला. खासगी डॉक्टरांचे हात निष्णात होते आणि त्यांनी सांगितले तेवढेच पैसे घेतले. पण रात्री अकरा ते पहाटे तीनपर्यंत ती पोर कोणाचीच पेशंट नव्हती. पहिल्या दवाखान्याच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे ‘रेफर’ लिहिले गेले आणि तिथे तिची नोंद संपली. दुसऱ्याच्या रजिस्टरात ती आलीच नाही. तिसऱ्याकडे ती ‘नवी केस’ म्हणून दाखल झाली.

इथे ‘सरकारी’ हा शब्दच जरा उकलून पाहायला हवा. आपण तो असा वापरतो, जणू एकच मालक आणि एकच घर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या अखत्यारीत. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकाच्या अखत्यारीत. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय तिसऱ्याच खात्याचे. शहरातले महापालिकेचे. मनमाडसारख्या जंक्शनात रेल्वे कर्मचाऱ्यांची वैद्यकीय सेवा रेल्वेची. खेड्यातली बाई केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून नाशिकला जाते तेव्हा तिला वाटते आपण एकाच सरकारच्या दारात उभ्या आहोत. प्रत्यक्षात तिची चिठ्ठी खात्यांच्या सीमा ओलांडत असते, आणि सीमेवर चिठ्ठी घेऊन उभे राहणारे कोणी नसते.

ऑगस्ट २०२३ मध्ये ही फाटाफूट सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सर्व काही निःशुल्क करण्यात आले. निर्णय चांगलाच होता. त्याच आठवड्यात ठाण्यातल्या कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले आणि पुढे दीड महिन्यात नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले; त्यांत १२ नवजात अर्भके होती. कळव्याचे रुग्णालय महापालिकेचे आणि नांदेडचे वैद्यकीय शिक्षण खात्याचे, म्हणजे दोन्ही या निर्णयाच्या कक्षेबाहेर. तेव्हा खुलासे काय आले ते आठवा. बरेच रुग्ण शेवटच्या अवस्थेत, बाहेरून पाठवलेले होते, असे सांगण्यात आले. हे खरे असेलही. पण मग त्यांना कोणी, किती उशिरा आणि कुठून ‘पुढे’ पाठवले, हा प्रश्न त्या खुलाशातूनच निघतो, आणि त्याची चर्चा फार थोडी झाली.

खासगी सेवेच्या बाजूने जे बोलतात त्यांचा एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. नांदगावसारख्या गावात रात्री दहाला दार ठोठावले तर उघडणारा डॉक्टर बहुधा खासगी असतो. तो घरातल्या तीन पिढ्यांना ओळखतो, पैसे पोळ्याला द्या म्हणतो, फोनवर सल्ला देतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात, देशभरात उपचार घेतलेल्या आजारांपैकी सुमारे ३० टक्क्यांवरच सरकारी दवाखान्यांत उपचार झाले. बाकी बहुतेक खासगी दवाखान्यांकडे आणि रुग्णालयांकडे गेले. एवढे लोक मूर्ख नसतात. रोजंदारी बुडवून रांगेत उभे राहणे ही सुद्धा फीच आहे, हे त्यांना बरोबर कळते.

मात्र त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा पाहा. ग्रामीण भागात, बाळंतपण सोडून, दवाखान्यात भरती होण्याच्या एका खेपेला सरकारीत सरासरी ४,२९० रुपये आणि खासगीत २७,३४७ रुपये वैद्यकीय खर्च आला. सहा पटींहून अधिक फरक. आणि सरकारीतलेही ४,२९० म्हणजे काही फुकट नव्हे. ‘बाहेरून आणा’ या चिठ्ठीची ती किंमत आहे. औषध खरेदीचे काम महाराष्ट्राने २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे दिले, ते जमेना म्हणून २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. तामिळनाडूचे यासाठीचे महामंडळ १९९० च्या दशकाच्या मध्यापासून काम करते आहे. आपण तीस वर्षे काय करत होतो, हा प्रश्न विचारून पुढे जातो.

डॉक्टर आणि रोगी यांच्यातला व्यवहार कांदा-बाजरीच्या बाजारासारखा नसतो, हे अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये एका प्रसिद्ध निबंधात मांडले. काय लागेल हे विकणाराच ठरवतो, घेणाऱ्याला त्यातले काही कळत नाही, आणि नंतरही कळत नाही. त्याच्या कितीतरी आधी बर्नार्ड शॉ यांनी ‘द डॉक्टर्स डिलेमा’ या १९०६ च्या नाटकाला जोडलेल्या दीर्घ प्रस्तावनेत पाय कापण्यात ज्याचा आर्थिक लाभ आहे त्यालाच पाय कापायचा की नाही हे ठरवू देण्याच्या रीतीची यथेच्छ टर उडवली होती. लासलगावच्या मार्केटात कांद्याचा भाव पडला तर शेतकरी ट्रॅक्टर उभा तरी करू शकतो. कळा देणाऱ्या बाईला हा पर्याय नसतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर बीडकडे पाहावे. तिथल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला तेव्हा राज्य सरकारने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. सहांतली एक. शस्त्रक्रिया बहुतांशी खासगी रुग्णालयांत झालेल्या होत्या. नांदगाव तालुक्यातूनही कुटुंबे ऊसतोडीला जातात, म्हणून हा आकडा इथे परका नाही. पांढरे जाणे, पोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन ती बाई आधी कुठे गेली असती? तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ असती आणि वर्षातले पाच-सहा महिने फडावर काढणाऱ्या बाईला गाठण्याची काही सोय असती तर गोळ्यांवर भागणारे दुखणे शस्त्रक्रियेपर्यंत गेले नसते. पिशवी काढणारा हात खासगी होता. रिकामी खुर्ची सरकारी होती. बीडमध्ये पुढे अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली गेली. म्हणजे अंकुश ठेवायचा ठरवला तर ठेवता येतो.

या विषयावरच्या मराठी लेखनात ‘क्लोरोफॉर्म’ या डॉ. अरुण लिमये यांच्या पुस्तकाने वैद्यकीय जगाचे आतून दर्शन घडवले होते. अलीकडचे महत्त्वाचे पुस्तक डॉ. अरुण गद्रे यांचे ‘कैफियत : प्रामाणिक डॉक्टरांची’. गद्रे यांनी लासलगावात अनेक वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून खासगी प्रॅक्टिस केली. नांदगावहून नाशिकला जाणारी गाडी मनमाडनंतर ज्या गावावरून जाते तेच हे गाव, त्यामुळे आपल्या भागातल्या वाचकाला हे पुस्तक घरचे वाटते. डॉ. अभय शुक्ला यांच्यासह त्यांनी केलेले त्याचे इंग्रजी रूप २०१६ मध्ये आले. या कामासाठी देशभरातल्या ७८ डॉक्टरांना बोलते केले गेले. रोगी पाठवल्याबद्दल कमिशन, लक्ष्य गाठण्यासाठी नको असलेल्या तपासण्या, कॉर्पोरेट रुग्णालयात डॉक्टरवर येणारा दबाव, हे सारे त्या पेशातलेच लोक सांगतात, म्हणून ते खोडून काढणे अवघड जाते.

पुस्तकाचा हा धीर मोठा आहे आणि तरी माझी एक तक्रार आहे. लेखक नियमनाची आणि सर्वांसाठीच्या आरोग्यसेवेची बाजू मांडतात, पण वाचून झाल्यावर मनात उरतो तो प्रामाणिक डॉक्टर आणि अप्रामाणिक डॉक्टर यांतला भेद. वाचक पुस्तक मिटतो आणि आपल्या ओळखीत चांगला डॉक्टर कोण याचा शोध घेऊ लागतो. शीर्षकच त्याला त्या वाटेने नेते. वर सांगितलेल्या बाळंतपणात सगळेच प्रामाणिक होते. प्रामाणिकपणाने तिथली पोकळी भरली नाही. ‘कट प्रॅक्टिस’ हाही मुळात ‘पुढे न्या’ या दोन शब्दांचाच धंदा आहे. सरकारी दवाखान्यातून सुटलेल्या रोग्याची चिठ्ठी कोणाच्या नावाने निघते याला बाजारात किंमत आली, ती चिठ्ठी बेवारस होती म्हणून. महाराष्ट्रात २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा झाला. कायदा झाला नाही. झाला असता तरी चिठ्ठीला वारस देण्याचे काम उरलेच असते.

विम्याच्या योजनांनी हे काम केले असे त्यांचे समर्थक म्हणतात. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर पोचली आणि एप्रिल २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार तिच्यात मिळू लागले; तेव्हा उपचारांचे प्रकार १,३५६ होते. हृदयाचे, किडनीचे, कर्करोगाचे कितीतरी गरीब रुग्ण तिच्यामुळे जगले आहेत. तिला नावे ठेवणाऱ्याने एखाद्या डायलिसिसवरच्या माणसाला आधी भेटून यावे. पण योजना पैसे देते, दवाखाना देत नाही. यादीवरची मोठी रुग्णालये मोठ्या शहरांत एकवटलेली आहेत, कारण विशेषज्ञ तिथे आहेत. कार्ड खिशात असले तरी नांदगावहून तिथवरचा रस्ता तुमचा. भरती न होता घ्यायची बीपीची, साखरेची रोजची गोळी योजनेच्या बाहेरच. आणि सरकारचा पैसा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेने डॉक्टरही वाहतात. नाशिकला मिळणारे पॅकेज तरुण शल्यचिकित्सकाला नांदगावला थांबू देत नाही. तिकडे थायलंडने २००२ मध्ये सर्वांना आरोग्यसेवेचा हक्क दिला तेव्हा त्याआधीची कित्येक वर्षे जिल्हा पातळीवरच्या लहान रुग्णालयांवर पैसा ओतला होता आणि नव्या डॉक्टरांना खेड्यात काम करणे भाग पाडले होते. त्यांनी दवाखाना आधी बांधला, कार्ड मागून दिले.

आणखी एक गोष्ट तालुक्यात फिरताना कळते, आणि मला वाटते सगळ्या वादाचे राजकारण तिच्यात आहे. रेल्वेच्या कर्मचाऱ्याला रेल्वेचा डॉक्टर. पगारपत्रकावर असलेल्या कामगाराला ईएसआयचे कार्ड किंवा कंपनीचा विमा. अधिकाऱ्याला वैद्यकीय बिलाची प्रतिपूर्ती. शिक्षकालाही. मनमाडचे धान्य गोदाम घ्या, पानेवाडीचे तेल डेपो घ्या, कायम नोकरीतल्या माणसाची काही ना काही सोय आहे. त्याच फाटकातून आत जाणाऱ्या कंत्राटी हमालाची परिस्थिती वेगळी. ज्याच्या अर्जाला वजन आहे, ज्याचा फोन उचलला जातो, तो तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाच्या रांगेत नाही. रांगेत उरले शेतमजूर, ऊसतोडवाले, एकटी म्हातारी माणसे. पूर्वी मामलेदार आणि मजूर एकाच दवाखान्यात जात होते असा सुवर्णकाळ मी रंगवत नाही. पण ज्या रांगेत गावचा पुढारी कधी उभा राहत नाही, त्या रांगेपुढचे भूलतज्ज्ञाचे पद भरले जाण्याची घाई कोणाला असणार?

न्यायालयाने या ‘पुढे न्या’चा विचार एकदा केला आहे, आणि तो खटलाही रेल्वेवरून सुरू होतो. जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधल्या मथुरापूर स्टेशनात हकीम शेख नावाचा खेतमजूर संघटनेचा सभासद गाडीतून पडला. डोक्याला जबर मार. प्राथमिक केंद्राने सोय नाही म्हणून पुढे पाठवले आणि मग कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी, कोणी खाट नाही म्हणून तर कोणी यंत्र नाही म्हणून, त्याला परत लावले. शेवटी खासगी रुग्णालयात तो वाचला. बिल सुमारे सतरा हजार. मे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंचवीस हजारांची भरपाई देण्याचा आदेश दिला आणि वेळेवर उपचार न मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असे म्हटले. खाट कुठे आहे हे आधीच कळावे यासाठी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था उभारावी, असेही त्या निकालात आहे. न्यायालयाने भरपाईचा हुकूम सरकारला दिला, खासगी रुग्णालयाला नव्हे. कारण दारात न आलेल्या माणसाची जबाबदारी खासगी रुग्णालयावर टाकता येत नाही. सरकारवर टाकता येते. माझ्या मते दोन व्यवस्थांतला खरा फरक हा आहे, आणि सरकारी बाजू घेण्याचे माझे कारणही हेच. सरकारी दवाखाना स्वस्त असतो किंवा तिथली माणसे सज्जन असतात म्हणून नव्हे.

सरकारने मनात आणले तर खासगी क्षेत्रालाही वेसण घालता येते, हे करोनाने दाखवले. एप्रिल २०२० मध्ये शेजारच्या मालेगावात साथ भडकली तेव्हा तिथले कितीतरी खासगी दवाखाने बंद झाले. इतर दुखण्यांचे लोक कुठे जाणार? कब्रस्तानातल्या नोंदी नेहमीपेक्षा कितीतरी वाढल्या, आणि त्यांतले सगळे काही करोनाचे नव्हते. मे २०२० मध्ये राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली घेतल्या आणि दर बांधून दिले : साधी खाट दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभाग ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पुढल्या वर्षी गावांचे वर्ग पाडून ते लहान गावांसाठी आणखी कमी केले. बिलांचे लेखापरीक्षक बसवले. पळवाटा निघाल्या, तक्रारी झाल्या, तरी बिल तपासता येते आणि जास्तीचे पैसे परत मिळू शकतात हे सामान्य माणसाला पहिल्यांदा कळले. साथ ओसरली आणि हे सारे गुंडाळले गेले. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपले काम अजून १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावर चालते. जानेवारी २०२१ च्या नव्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले खरे. आपल्या गावातल्या खासगी रुग्णालयात ते पत्रक कोणत्या भिंतीवर आहे, हे वाचकाने एकदा पाहून यावे.

उलट बाजूही त्याच साथीने दाखवली. २१ एप्रिल २०२१ ला नाशिक महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून २२ रुग्ण गेले. रुग्णालय सरकारी, टाकी आणि तिची देखभाल खासगी कंत्राटदाराकडे. मालकीच्या वादात ही घटना कोणत्या रकान्यात टाकणार? १०८ ची गाडीही २०१४ पासून सरकारच्या पैशाने आणि खासगी कंपनीच्या व्यवस्थापनाने चालते, आणि ती बहुतेक वेळा नीट चालते. तिला ठरलेले काम आहे, फोन आल्याची वेळ नोंदली जाते, पोचल्याची वेळ नोंदली जाते. तशी नोंद ‘रेफर’ केलेल्या रोग्याची का होऊ नये? ज्याने पाठवले त्याने पुढच्या रुग्णालयाला फोन करून खाट आणि डॉक्टर आहे याची खात्री घ्यावी, घेणाऱ्याचे नाव चिठ्ठीवर लिहावे, आणि रोगी पोचला की नाही हे दुसऱ्या दिवशी विचारावे. याला नवी इमारत लागत नाही. प्रत्येक महिन्याला तालुक्यातून किती जणांना आणि कोणत्या कारणाने पुढे पाठवले, ही यादी ग्रामीण रुग्णालयाच्या दारावर लावली तर कोणते पद रिकामे आहे हे कोणालाही विचारावे लागणार नाही.

पदे भरण्याला मात्र पैसा लागतोच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक खर्च २०२५ पर्यंत सकल उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे म्हटले होते. २०२५ उजाडले. महाराष्ट्रासारखे श्रीमंत राज्य आरोग्यावर आपल्या सकल उत्पन्नाचा एक टक्कासुद्धा खर्च करत नाही. नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये आले, राज्यभरच्या डॉक्टरांच्या पदव्या तिथून निघू लागल्या. जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन मात्र ९ ऑक्टोबर २०२४ ला झाले. तिथली पहिली तुकडी इंटर्नशिप आटोपून २०३० च्या आसपास बाहेर पडेल. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सरकारी सेवा करायची, असा आपल्याकडे बंधपत्राचा नियम आहे. त्यांतली एखादी मुलगी नांदगावला किंवा बोलठाणला रुजू झालीच, तर तिला राहायला दार लागणारे क्वार्टर, नळाला पाणी आणि रात्री सोबत एक सिस्टर मिळेल का, हे आतापासून बघायला वेळ हातात आहे.